जोसेफ वुल्फ आणि १८४७ सालचें भाकित

प्रभूच्या द्वितीयागमनाचें साल नेमकें सांगणारे लोक प्रत्येक पिढींत निपजतात, आणि ते सारे लबाड असतात असा आपला समज असतो. हा समज मोठा सोयीचा आहे, कारण लबाडाला ओळखणें फारसें कठीण नसतें. सांगणारा मनुष्य विद्वान्, शूर व प्रामाणिक असला म्हणजे मात्र ऐकणाऱ्याची खरी परीक्षा होते. अशाच एका पुरुषाचें चरित्र विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या वडीलमंडळींपुढें ठेवीत आहों. हे गृहस्थ आपल्या देशांतूनही प्रवास करून गेलेले आहेत.

जोसेफ वुल्फ ह्यांचा जन्म १७९५ सालीं जर्मनींतील बव्हेरिया प्रांतांत झाला. वडील यहूदी धर्मगुरु होते. मुलगा सात वर्षांचा असतां शेजारच्या एका वृद्ध ख्रिस्ती न्हाव्याजवळ, आमचा मशीहा आतां लवकरच येणार, अशी फुशारकी मारूं लागला. म्हाताऱ्यानें वाद न घालतां यशयाच्या ग्रंथाचा ५३ वा अध्याय वाचून पाहावयास सांगितलें. मुलानें तो वाचला व हें कोणाविषयीं लिहिलें आहे म्हणून वडिलांस विचारलें. वडिलांनीं उत्तर दिलें नाहीं. पुढें १८१२ सालीं प्राग शहरीं त्यानें बाप्तिस्मा घेतला. रोमच्या धर्मविद्यालयांत तो शिकावयास गेला खरा, परंतु गुरुजनांशीं मतभेद झाल्यामुळें १८१८ सालीं त्याला तेथून घालविण्यांत आलें. मग इंग्लंड गांठून केंब्रिज येथें पौर्वात्य भाषांचा अभ्यास केला आणि १८२१ पासून पूर्वेकडील देशांत यहूदी लोकांमध्यें शुभवर्तमान सांगण्याचें काम आरंभिलें.

त्या दिवसांत इंग्लंडांत भविष्यवाणींच्या अभ्यासाची लाट आली होती. १८२६ सालीं ऑल्बरी गांवीं हेन्री ड्रमंड ह्यांच्या वाड्यांत कांहीं विद्वान् ह्याच कामासाठीं जमले. त्यांत वुल्फही होते. दानीएल व प्रकटीकरण ह्या ग्रंथांत १२६०, १३३५, २३०० असे दिवसांचे आंकडे आहेत. एका दिवसाचें एक वर्ष धरावें, मग प्राचीन काळची एखादी घटना आरंभ म्हणून निवडावी, आणि बेरीज करावी, अशी ती रीत होती. बेरजेंत चूक नसे; पण आरंभ कोठून धरावयाचा हें गणित करणाराच ठरवी, आणि आरंभ हलविला कीं शेवटही हले! वुल्फ ह्यांच्या गणितानें १८४७ हें साल निघालें. त्या सालीं ख्रिस्त येऊन आपलें सहस्र वर्षांचें राज्य स्थापील, असें ते सांगूं लागले.

तो दिवस व ती घटका कोणालाही ठाऊक नाहीं, असें प्रभूनेंच सांगितल्याचें मत्तयाच्या २४ व्या अध्यायांत आहे. वुल्फ हें जाणत नव्हते काय? चांगलेंच जाणत होते. परंतु दिवस व घटका न कळली तरी काळ जवळ आल्याचें चिन्हांवरून कळतें, असें त्यांचें म्हणणें होतें. इतकें म्हणणें ठीकच होतें. पण काळ जवळ आला आहे, येथून निघून तो अमुक साली येणार, येथवर जी उडी त्यांनीं घेतली तिला शास्त्राचा आधार नव्हता. स्वतःच्या बेरजेचाच काय तो आधार.

आणि हा मनुष्य काय साधा होता? यहूद्यांचे हरवलेले दहा वंश शोधण्यास निघून तो बुखाऱ्यापर्यंत गेला. वाटेंत खोरासानांत त्याला गुलाम केलें. पुढें हिंदुकुशाकडे लुटारूंनीं अंगावरचे कपडेदेखील ठेविले नाहींत, आणि तशा नग्न स्थितींत शेंकडों मैल चालून तो १८३२ सालीं काबुलाकडे आला. तेथून लुधियाना, लखनौ, कलकत्ता असा पालखींतून उपदेश करीत तो निजामाच्या राज्यांतील सिकंदराबादेस पोंचला. आपलें छत्रपति संभाजीनगर, म्हणजे तेव्हांचें औरंगाबाद, त्याच राज्यांत मोडत होतें. मद्रासेजवळ त्याला पटकी झाली. तींतून उठून तो गोव्यास व तेथून १८३३ सालीं मुंबईस आला. असा, मरणाच्या दारांतून अनेकदां परतलेला मनुष्य १८४७ चें साल सांगूं लागला, तर श्रोत्यानें शंका कशी घ्यावी?

त्याच मुंबईंत त्या वेळीं जॉन विल्सन हे मिशनरी काम करीत होते. त्यांनीं १८३२ सालीं शाळा उघडली होती, आणि कोंकणांतील बेने इस्राएल लोकांसाठीं हिब्रू भाषेचें व्याकरण मराठींत रचून त्याच वर्षीं छापविलें होतें. जुनी व्यवस्था चौदाच वर्षें टिकणार, हें एखाद्या गांवानें खरेंच मनावर घेतलें असतें, तर तेथें शाळा कोण उघडता व मुलांस व्याकरण कोण घोकविता?

असें मनावर घेणारे लोकही निघाले, पण ते अमेरिकेंत. विल्यम मिलर नांवाच्या शेतकऱ्याच्या शिकवणीवरून त्याच्या अनुयायांनीं २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला. कित्येकांनीं शेतांतील पिकें तशींच उभीं ठेविलीं. दिवस उगवला व मावळला. हिंवाळा तोंडावर, कोठारें रिकामीं, आणि शेजारी हंसावयास तयार! त्यांतील कांहींनीं लगेच नवी तारीख काढली. २१ मे २०११ ही तारीख सांगणाऱ्या अमेरिकन रेडिओ-उपदेशकानेंही तो दिवस उलटल्यावर पुढला ऑक्टोबर सांगितला होता. हल्लीं अशा तारखा मोबाइलवरून घरोघर येतात. आईबापांनीं हें मुलांजवळ मोकळेपणीं बोलावें, हें बरें.

वुल्फ मात्र नवी तारीख काढणाऱ्यांतले नव्हते. १८३६ सालीं हबशी देश व येमेन पाहून ते पुन्हां मुंबईस आले, तेथून अमेरिकेस जाऊन पाळकीय दीक्षा घेतली, आणि १८४३ सालीं दोन इंग्रज कैद्यांच्या शोधार्थ पुन्हां बुखाऱ्यास गेले. त्या दोघांचा वध आधींच झाला होता. वुल्फ स्वतः कसेबसे जिवंत परतले. मग सॉमरसेट परगण्यांतील आइल ब्रुअर्स ह्या लहानशा गांवीं ते पाळक झाले, आणि तेथें असतांच १८४७ साल आलें व गेलें.

हें साल जर फुकट गेलें तर काय म्हणाल, असें त्यांना पूर्वींच कोणीं विचारलें होतें. तर मग वुल्फ हा मोठा गाढव होता असें म्हणेन, असा त्यांचा जबाब होता. तो त्यांनीं पाळला. १८६० सालीं निघूं लागलेल्या आपल्या प्रवासवृत्तांतांत (तो त्यांनीं स्वतःस तृतीय पुरुषीं संबोधून सांगितला आहे) साल ठरविण्यांत आपण चुकलों, हें त्यांनीं उघड कबूल केलें. प्रभु येणार ही श्रद्धा मात्र सोडली नाहीं.

आइल ब्रुअर्स येथें त्यांनीं शाळा बांधली, आणि १८६१ सालीं गांवचें देऊळ नव्यानें उभें राहिलें. २ मे १८६२ रोजीं ते वारले, तेव्हां आणखी एका लांबच्या प्रवासाचा बेत त्यांच्या मनांत चालला होता.