मातीच्या मैदानावरील वारसा

घोडपदेव, लालबाग, परळ या गिरणगावच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाचे नाव ठाऊक नसलेला माणूस विरळाच. परंतु ज्या स्त्रीच्या वियोगाशी या रुग्णालयाची कहाणी जोडलेली आहे, ती आपल्या काळातील निष्णात टेनिसपटू होती, याचे स्मरण क्वचितच केले जाते.

लेडी मेहेरबाई टाटा यांचा जन्म १८७९ सालचा. वडील होरमसजी भाभा हे म्हैसूर संस्थानच्या शिक्षणखात्यातील वरिष्ठ अधिकारी. पुढे अणुशास्त्रज्ञ म्हणून कीर्ती मिळविणारे होमी भाभा हे मेहेरबाईंचे भाचे. १८९८ साली जमशेटजी टाटांचे चिरंजीव दोराबजी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. स्त्रीने उंबरठा ओलांडणे हाच जेथे धीटपणा मानला जाई, त्या काळात ही स्त्री पारशी पद्धतीची साडी नेसून भर मैदानात रॅकेट चालवी आणि बक्षिसे जिंकी. खेळण्यासाठी परका वेष पत्करण्याची गरज त्यांना कधी भासली नाही.

१९२४ सालच्या पॅरिस ऑलिंपिकमधील टेनिस स्पर्धा कोलोंब येथे मातीच्या कोर्टांवर झाली. मातीवर चेंडूचा वेग मंदावतो, तो उंच उसळतो आणि एकेका गुणासाठी दीर्घकाळ झुंजावे लागते. तेथे ताकदीपेक्षा धीराची कसोटी लागते. त्या स्पर्धेच्या मिश्र दुहेरीत महंमद सलीम यांच्या जोडीने मेहेरबाईंचे नाव दाखल झाले होते. त्या वेळी त्या पंचेचाळिशीच्या घरात होत्या.

त्याच वर्षी टाटांचा पोलाद कारखाना आर्थिक संकटात सापडला. कामगारांचे पगार भागविणेही कठीण झाले, तेव्हा दोराबजींनी आपली खासगी संपत्ती बँकेकडे तारण ठेवली. मेहेरबाईंचा सुप्रसिद्ध ज्युबिली हिराही त्यातून सुटला नाही. मैदानावरचा धीर संसारातही उणा पडला नाही, असेच म्हणावे लागेल. स्त्रियांच्या संघटना उभारण्यात त्या अग्रभागी होत्या, आणि बालविवाहाला आळा घालणाऱ्या १९२९ च्या शारदा कायद्यालाही त्यांनी पाठबळ दिले.

१९३१ साली वेल्समध्ये रक्ताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने या रोगाच्या संशोधनासाठी न्यास स्थापन झाला. त्याच वर्षी दोराबजीही निवर्तले. त्यांच्या मागे राहिलेल्या न्यासाच्या धनातून १९४१ साली परळचे रुग्णालय उभे राहिले.

रुग्णालयाच्या रूपाने मेहेरबाईंचे ऋण अंशतः फेडले गेले, हे खरे. पण त्यांच्या जीवनाचा दुसरा अर्धा भाग अजून वारसाविना आहे. मेहेरबाईंना मैदान लाभले ते वैभवामुळे. घोडपदेवच्या चाळीतील मुलीपाशी ते वैभव नाही. तिला मोकळी जागा मिळवून द्यायची तर ते काम समाजालाच करावे लागेल. आजाऱ्याला खाट देणारे शहर निरोगी मुलीला मैदान नाकारत असेल, तर मेहेरबाईंचे स्मरण अपुरेच राहणार.