शेठ वालचंद हिराचंद व त्यांची मोटार

बदनापुरास जालन्याच्या रस्त्यालगत एका मिस्त्रीच्या आवारात जुन्या लॉरीचे नुसते तोंड पडलेले आहे. चाके नाहीत, इंजिन नाही. बाभळीचे झुडूप तिच्या पोटातून वर आले आहे. तरी पुढील पत्र्यावर फार्गो ही इंग्रजी अक्षरे अद्याप वाचता येतात. आमच्या मंडळीतील एक वृद्ध बंधू तरुणपणी अशाच एका लॉरीवर प्रथम क्लीनर व मागाहून ड्रायव्हर होते. गेल्या पावसाळ्यात त्यांच्यासह आम्ही तेथे उभे राहिलो असता, ही गाडी अमेरिकेतून आगबोटीने आली असे ते आम्हांस मोठ्या अभिमानाने सांगू लागले. त्यांचे म्हणणे अर्धे खरे होते. उरलेले अर्धे सांगावयाचे तर सोलापूरच्या एका गृहस्थाचे चरित्र सांगावे लागते, आणि तेच आज वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरास झाला. घराणे दिगंबर जैन, मूळचे गुजराथेतील वांकानेरचे, फलटणमार्गे सोलापुरास स्थायिक झालेले. वालचंद जन्मल्यावर थोड्याच दिवसांत त्यांची माता निवर्तली. वडील हिराचंद नेमचंद हे कापसाचा व सावकारीचा धंदा करीत. तथापि ते केवळ पैशाच्या मागे लागलेले नव्हते. आपल्या समाजाच्या सुधारणेसाठी त्यांनी जैन बोधक नावाचे पत्र काढिले होते. साप्ताहिक पत्राची वाट पाहणाऱ्या आमच्या वाचकांस या गोष्टीचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

मुलाने पेढीवर बसावे अशी घरची अपेक्षा होती. वालचंद मॅट्रिक झाले, मुंबईस व पुण्यास कॉलेजात गेले, परंतु पदवी न घेताच परतले. कापसाच्या गाठी व व्याजाच्या वह्या यांत त्यांचे मन रमेना. अशा वेळी लक्ष्मणराव बळवंत फाटक यांची गाठ पडली. हे फाटक रेल्वेतील कारकुनी सोडून कंत्राटदारीकडे वळलेले. एक ब्राह्मण कारकून व एक जैन सावकाराचा मुलगा अशी ही जोडी जमली, आणि बारशी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांचे येडशी ते तडवळे असे सुमारे ७ मैलांचे काम त्यांनी पत्करिले. हा मुलूख त्या काळी निजामाच्या राज्यात होता, म्हणजे आमच्या मराठवाड्याचाच. वालचंदांच्या थोरवीचा पहिला खडीचा ढीग आपल्याच मातीत पडला, हे आमच्याकडील फार थोड्यांस ठाऊक असते.

पुढे कामे मोठी होत गेली. बोरघाटातील बोगदे, तानसा तलावाचे पाणी मुंबईस नेणारे नळ, लष्करी बराकी ही सर्व त्यांच्या कंपन्यांनी केली. याच सुमारास, १९१९ साली, ग्वाल्हेरच्या महाराजांची लॉयल्टी नावाची आगबोट विक्रीस असल्याचे त्यांच्या कानी आले. नरोत्तम मोरारजी प्रभृती मित्रांसह त्यांनी ती घेतली, सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन ही कंपनी काढिली, आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ती बोट मुंबईहून लंडनकडे निघाली. व्यापाराच्या दृष्टीने ती बोट तोट्याचीच ठरली, आणि थोड्याच वर्षांत मोडीत निघाली. परंतु कंपनी टिकली. आणि ५ एप्रिल हा दिवस आपल्या देशात १९६४ पासून सागरी दिन म्हणून पाळण्यात येतो. नाशिक जिल्ह्यात रावळगाव व पुणे जिल्ह्यात वालचंदनगर येथे त्यांनी माळरानावर ऊस व साखर उभी केली, तो सर्व भाग आम्ही येथे सोडून देतो. आमचा विषय मोटार आहे.

आता क्षणभर अमेरिकेत जाऊ या, कारण फार्गो हे नाव तिकडचे. कॅन्सस प्रांतातील एका रेल्वे कामगाराचा मुलगा, वॉल्टर क्रायस्लर, हा १८७५ साली जन्मला व रेल्वेच्या कारखान्यात झाडलोट करीत करीत यंत्रकाम शिकला. १९०८ साली शिकागो येथील प्रदर्शनात त्याने एक मोटार पाहिली. किंमत ५,००० डॉलर. पदरी शिल्लक अवघी ७००. उरलेले ४,३०० त्याने कर्ज काढून दिले. गाडी घरी आली खरी, परंतु त्याला ती चालविता येत नव्हती. आणि शिकण्याचीही त्याने घाई केली नाही. कोठारात ठेवून तो ती पुन्हा पुन्हा सुटी करी, एकेक भाग पुसून पाही व पुन्हा जोडी. बिचाऱ्या पत्नीस गाडीत बसून फिरावयास मिळण्यास बरेच आठवडे लागले. हाच मनुष्य १९२४ साली स्वतःच्या नावाची मोटार घेऊन पुढे आला. तिच्या चारही चाकांस तेलाच्या दाबाने चालणारे ब्रेक होते; त्या किमतीच्या गाडीत ही मोठीच नवलाई होती. १९२८ साली त्याने डॉज बंधूंचा सुप्रसिद्ध कारखाना विकत घेतला. ते दोघे बंधू १९२० सालीच वारले होते. त्याच वर्षी प्लिमथ व डी सोटो ही दोन नवी नावेही त्याने बाजारात आणिली. फार्गो हे त्याच्याच लॉऱ्यांचे नाव.

क्रायस्लर व वालचंद हे दोघेही रेल्वेच्या कामातून मोटारीकडे आले, हे आम्हांस लक्षात ठेवण्याजोगे वाटते. रेल्वेवर हात काळे केलेल्या मनुष्यास यंत्राचे भय वाटत नाही.

त्या काळी आपल्या देशात मोटारी नव्हत्या असे नाही. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९२८ साली मुंबईस गाड्या जोडण्याचा कारखाना काढिला, व फोर्ड कंपनीही पाठोपाठ आली. पण जोडणे व घडविणे यांत अंतर आहे. परदेशातून पेट्या येत. त्यांत सांगाडा, इंजिन, चाके, पत्रा असे सर्व भाग सुटे भरलेले असत. येथील मजुरांनी ते बोल्टांनी आवळावे, रंग द्यावा व गाडी बाहेर काढावी. जात्याच्या दोन तळ्या बाजारातून आणून खुंटा ठोकणे निराळे, आणि दगड फोडून, टाकी लावून जाते घडविणे निराळे. पहिल्याने पीठ मिळते, विद्या मिळत नाही. वालचंदांस विद्या हवी होती.

या कामी त्यांस सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची साथ लाभली. १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर हैदराबाद शहराच्या रक्षणाची योजना आखणारे इंजिनियर ते हेच. १९३५ साली त्यांनी युरोप-अमेरिकेतील कारखाने हिंडून पाहिले व आपल्या देशात मोटारीचा कारखाना काढण्याची योजना तयार केली. ती अंगावर घेण्यास वालचंद पुढे झाले. १९३९ साली ते स्वतः अमेरिकेस गेले. फोर्ड कंपनीशी बोलणे झाले; परंतु हिंदुस्थानचा व्यापार तिच्या कानडातील शाखेच्या हाती होता, व तेथे गाडी अडली. शेवटी क्रायस्लर कंपनीशी जमले व १९४० साली करार झाला. त्याच वर्षी ऑगस्टात वॉल्टर क्रायस्लर मरण पावला.

याच प्रवासात एक विलक्षण गोष्ट घडली. विल्यम पॉली नावाच्या विमानाच्या धंद्यातील अमेरिकन गृहस्थाशी वालचंदांची ओळख झाली, आणि मोटारीसाठी निघालेला हा मनुष्य विमानाचा बेत घेऊन परतला. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर सरकारच्या साहाय्याने बंगळूरास हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी निघाली. १९४२ साली ती सरकारने आपल्या हाती घेतली. जून १९४१ मध्ये विशाखापट्टणास जहाजाच्या कारखान्याची कोनशिला बाबू राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली. एक काम शेवटास जाण्यापूर्वी दुसऱ्यास हात घालावयाचा, दुसऱ्याचे कर्ज फिटण्यापूर्वी तिसऱ्याचा आराखडा काढावयाचा, असा त्यांचा स्वभाव. त्यांचे टीकाकार याबद्दल त्यांस दोष देत, आणि तो दोष अगदीच खोटा होता असे आम्हांस म्हणवत नाही. अशा मनुष्याच्या पदरी भागीदारांस झोप कशी येत असेल!

मोटार मात्र रखडली. महायुद्ध सुरू होते, व मोटारीचा कारखाना हे युद्धोपयोगी काम नव्हे असे दिल्लीच्या सरकारचे मत पडले. यंत्रे आणावयास डॉलर हवेत, आगबोटीत जागा हवी, आणि दोन्ही सरकारच्या मुठीत. इकडे अमेरिका व कानडा येथून लष्करासाठी लॉऱ्या हजारोंनी येत होत्या, आणि त्या येथेच बनवू म्हणणारा मनुष्य मात्र अर्जामागून अर्ज करीत होता. विमानास हुकूम मिळाला आणि मोटारीस मिळाला नाही, हा विरोध वालचंदांच्या मनास फार लागला असावा.

१९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली, व मुंबईजवळ कुर्ला येथील कारखान्यातून १९४७ साली, म्हणजे स्वातंत्र्याच्याच वर्षी, पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. डॉज, प्लिमथ, डी सोटो, फार्गो ही सर्व अमेरिकन नावे कुर्ल्याच्या दारातून निघू लागली. प्रारंभी त्या गाड्याही पेट्यांतील भाग जोडूनच होत. वालचंदांनी ज्या रीतीस नावे ठेविली तीच त्यांस प्रथम पत्करावी लागली, हे लपविण्यात अर्थ नाही. भेद इतकाच की त्यांस तेथे थांबावयाचे नव्हते; एकेक भाग येथे घडवीत जावयाचा असा त्यांचा बेत होता.

आमच्या वृद्ध बंधूंची फार्गो याच कुर्ल्याची. हे ऐकून ते काही वेळ गप्प राहिले. मग त्यांनी तिचे गुणदोष सांगितले ते असे. कारखान्यातून केवळ सांगाडा व इंजिन येई. मागची लाकडी बांधणी सुताराने करावयाची, म्हणून प्रत्येक लॉरीचे रूप निराळे. हिवाळ्यात पहाटे पुढून हँडल मारूनच ती जागी व्हावयाची, आणि हँडल उलटले तर मनगट जायचे. चढावर पाणी उकळे. म्हणून पाण्याचा डबा हा क्लीनरचा पहिला धर्म. तिचे सहा नळ्यांचे इंजिन पेट्रोल फार पिई, इतके की मालकाचे तोंड नेहमी आंबट असे. पण ती ओझ्यास मागे हटत नसे. कापसाच्या गाठी असोत की ज्वारीची पोती, कागदावर लिहिले असेल त्याहून पुष्कळ अधिक लादून ती दुधनेकाठच्या काळ्या मातीतून हळूहळू बाहेर येई. पुढे डिझेल इंजिने आली तेव्हा मालक हसू लागले.

डॉजवाला फार्गोवाल्यास हिणवी, डी सोटोवाला दोघांस तुच्छ लेखी, व चहाच्या दुकानी यावरून हमरीतुमरी होई, असेही ते म्हणाले. वस्तुतः त्या लॉऱ्या एकाच घडणीच्या असून बिल्ला तेवढा निराळा होता. प्रवासी गाड्यांतही तोच प्रकार: डॉज किंग्सवे, प्लिमथ सव्हॉय व डी सोटो डिप्लोमॅट या भावंडांचे अंग एकच. हे आम्ही त्यांस सांगितले, परंतु फार्गोचे स्प्रिंग अधिक चिवट होते हा आपला पक्ष त्यांनी सोडिला नाही.

वालचंदांच्या घरी मुलगा नव्हता. पहिली पत्नी अकाली वारली. दुसरी पत्नी कस्तुरबाई यांनी अखेरपर्यंत त्यांची सेवा केली. १४ मार्च १९४८ रोजी विशाखापट्टणास बांधलेली जलउषा ही आगबोट पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली. पण १९४९ साली वालचंदांस अर्धांगाचा झटका आला. सदैव धावणाऱ्या मनुष्यास अंथरुणावर पडावे लागले. १९५० साली त्यांनी कामकाजातून अंग काढून घेतले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजराथेतील सिद्धपूर येथे त्यांचा अंत झाला. तोपर्यंत संपूर्ण येथेच घडलेली एकही मोटार त्यांच्या कारखान्यातून निघाली नव्हती.

त्याच १९५३ साली सरकारच्या जकात मंडळाने असा निर्णय सुचविला की ज्यांस मोटारी येथे घडवावयाच्या असतील त्यांनीच राहावे, नुसत्या पेट्या जोडणाऱ्यांनी आपले बिऱ्हाड आवरावे. त्याप्रमाणे जनरल मोटर्स व फोर्ड या कंपन्यांनी आपले येथील कारखाने बंद केले. वालचंद जे अठरा वर्षे मागत होते ते त्यांच्या मरणाच्या वर्षी मान्य झाले. प्रीमियर कंपनी त्यांच्या बंधूंकडे राहिली. अमेरिकन गाड्या मोठ्या व खर्चिक. देशास लहान गाडी हवी, म्हणून इटलीच्या फियाट कंपनीशी संबंध जोडण्यात आला, आणि १९५४ पासून फियाट ११०० कुर्ल्यास होऊ लागली. हळूहळू तिचे बहुतेक भाग येथेच घडू लागले. १९७४ साली तिचे नाव पद्मिनी झाले. मुंबईस गेलेल्या आमच्या प्रत्येक वाचकाने तिची काळी-पिवळी टॅक्सी पाहिलीच असेल. कारखान्यातून ती निघणे २००० साली थांबले, व शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून निघून गेली.

बदनापुरातील ते तोंड मिस्त्री आता भंगारात घालणार होता. आमच्या बंधूंनी ते फार्गोचे पत्र्याचे नाव उखडून मागून घेतले आहे.