पंपाचा दांडा : डॉ. जॉन स्नो यांचे चरित्र

पुष्कळदा असे घडते की, ज्ञान एकापाशी असते आणि अधिकार दुसऱ्यापाशी. दोघांची भेट वेळेवर झाली नाही तर मधल्यामध्ये गोरगरिबांचे प्राण जातात. डॉ. जॉन स्नो यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत ते यासाठीच.

स्नो यांचा जन्म १५ मार्च १८१३ रोजी इंग्लंडमधील यॉर्क शहरी एका मजुराच्या घरी झाला. नऊ भावंडांत ते थोरले. चौदाव्या वर्षी न्यूकॅसल येथील एका शल्यवैद्याच्या हाताखाली ते उमेदवारी करू लागले. १८३१-३२ साली तिकडे पटकीची साथ आली, तेव्हा कोळशाच्या खाणीतील मजुरांवर उपचार करण्यास या पोरसवदा उमेदवारास पाठविण्यात आले. पुढे लंडनला जाऊन त्यांनी वैद्यकाच्या पदव्या मिळविल्या. भूल देण्याच्या विद्येत त्यांचे एवढे नाव झाले की, १८५३ साली राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म देण्यास त्यांनाच बोलावण्यात आले.

पण खाणीतील ते मरण त्यांच्या मनातून गेले नव्हते. पटकी दुर्गंधीयुक्त हवेने होते, असे त्या काळी बहुतेक डॉक्टर मानीत. रोग पोटाचा आहे, तेव्हा तो पोटातूनच, म्हणजे दूषित पाण्यावाटे येत असला पाहिजे, असे स्नो यांचे मत झाले. १८४९ साली त्यांनी ते पुस्तिकेत मांडले. फारच थोड्यांना ते पटले.

३१ ऑगस्ट १८५४ च्या रात्री लंडनच्या सोहो भागात ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास पटकीचा भडका उडाला. दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे गेली. स्नो जवळच राहत. त्यांनी मृत्यूंची सरकारी नोंद मिळविली आणि घरोघर चौकशी आरंभिली. तीन दिवसांतील ८३ मृत्यूंपैकी जवळजवळ सर्व ब्रॉड स्ट्रीटच्या सार्वजनिक पंपाजवळचे होते. शेजारच्या गरीबखान्यात पाचशेवर माणसे असून मेली फक्त पाच; तेथे स्वतःची विहीर होती. उलट दूर हॅम्पस्टेड येथे एक विधवा बाई वारली. पूर्वी ती ब्रॉड स्ट्रीटला राहत असे आणि त्या पाण्याची गोडी लागल्यामुळे रोज एक बाटली मागवीत असे.

७ सप्टेंबरच्या संध्याकाळी स्नो हे सेंट जेम्स पॅरिशच्या पालक मंडळापुढे गेले. गरिबांची व्यवस्था पाहणारे हे स्थानिक पंच. पाणी तर डोळ्यांना स्वच्छच दिसे. तरीही पंचांनी त्यांचे ऐकून घेतले आणि दुसऱ्याच दिवशी पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला.

दांडा निघाला आणि साथ थांबली, असे आपण ऐकतो. खरे पाहता साथ तोवर ओसरू लागली होती. पुष्कळ लोक वस्ती सोडून गेले होते. मग दांडा काढल्याचा उपयोग काय झाला? याचे उत्तर एका तरुण धर्मसेवकाने शोधून काढले.

रेव्ह. हेन्री व्हाइटहेड हे त्याच वस्तीतील सेंट ल्यूक चर्चचे साहाय्यक पाळक. स्नो यांचे मत त्यांना मुळीच मान्य नव्हते. पॅरिशने चौकशी समिती नेमली, तीत दोघेही होते. व्हाइटहेड प्रत्येक कुटुंबाला ओळखत. एकेका दारी ते अनेक वेळा गेले, आणि स्नो यांचे म्हणणे खोडून काढू पाहणारा हा मनुष्य अखेर त्यांचाच साक्षीदार झाला. पंपासमोरच्या ४० क्रमांकाच्या घरात एक तान्हे मूल सर्वांच्या आधी आजारी पडले होते. त्याचे लंगोट भिजविलेले पाणी आईने घराच्या मैलखड्ड्यात ओतले होते. तो खड्डा उकरला तेव्हा तो विहिरीपासून तीन फुटांच्या आत, आणि त्याची विटांची बांधणी कुजलेली आढळली. त्याच मुलाच्या बापाला ८ सप्टेंबरला, म्हणजे दांडा काढला त्याच दिवशी, पटकी झाली. ते विष पुन्हा विहिरीत उतरले असेल; पण आता ते कोणी उपसू शकत नव्हते.

स्नो यांचे १६ जून १८५८ रोजी अवघ्या ४५ व्या वर्षी निधन झाले. वैद्यकीय जगाने त्यांचे मत तोवर स्वीकारलेले नव्हते. व्हाइटहेड यांनी मात्र त्यांचे चित्र आपल्या अभ्यासिकेत शेवटपर्यंत ठेवले. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली जगापुढे मांडला.

वाचकहो, या कथेत स्नो यांची विद्या आहे, पाळकाचे उंबरे झिजविणे आहे आणि पंचांचा निर्णयही आहे. पूर्ण खात्री पटेपर्यंत पंच थांबले असते तर? आपणही कुठल्या ना कुठल्या कमिटीवर, पंचायतीत बसतो. एखादा जाणता मनुष्य दारी येऊन सांगू लागला, तर त्याला खुर्ची देऊन त्याचे ऐकून घेण्याइतके आपण मोठे होऊ या.