पीटर स्कॉट : ‘रेड डेटा बुक’मागचा माणूस
दक्षिण ध्रुवावरून परतताना 1912 मध्ये कॅप्टन रॉबर्ट स्कॉट यांचा मृत्यू झाला, तेव्हा त्यांचा मुलगा पीटर अडीच वर्षांचा होता. मुलाला निसर्गाची गोडी लावावी, असं त्यांनी अखेरच्या पत्रात पत्नीला कळवलं होतं.

गोडी लागली, पण आधी बंदुकीतून. तरुणपणी पीटर रानबदकांची शिकार करत. पुढे बंदूक सुटली आणि ते पक्षी वाचवू लागले. 1946 मध्ये त्यांनी इंग्लंडमधल्या स्लिमब्रिज इथे पाणपक्ष्यांसाठी संस्था उभारली. हवाई बेटांवरचे ‘नेने’ हंस तेव्हा जेमतेम तीसच्या आसपास उरले होते. स्लिमब्रिजमध्ये त्यांची पैदास झाली आणि 1962 मध्ये काही पक्षी हवाईत परत गेले.

पण जगात असे ‘नेने’ किती, आणि आधी कोणाला वाचवायचं? 1963 मध्ये स्कॉट ‘आययूसीएन’च्या प्रजातीविषयक आयोगाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या कल्पनेतून ‘रेड डेटा बुक’ साकारलं. त्याची पानं सुटी होती. माहिती बदलली की पान बदलायचं. सर्वाधिक धोक्यातल्या प्रजाती गुलाबी पानांवर, सावरलेल्या हिरव्या पानांवर.

मात्र कोणती प्रजाती कुठे बसवायची, हे बरंचसं तज्ज्ञांच्या मतावर ठरे. आकड्यांचे निकष आले 1994 मध्ये, स्कॉट यांच्या निधनानंतर पाच वर्षांनी. आता, उदाहरणार्थ, प्रजननक्षम प्राणी 50 पेक्षा कमी उरले, तर प्रजाती ‘अतिसंकटग्रस्त’ ठरू शकते. आपला माळढोक आज याच वर्गात आहे.