क्लोदीन थेवने

संत क्लोदीन थेवने (३० मार्च १७७४ – ३ फेब्रुवारी १८३७) या फ्रान्समधील ल्यों शहरातील कॅथलिक धर्मभगिनी व शिक्षणकार्यकर्त्या होत्या. त्या 'जीझस अँड मेरी' या धर्मसंघाच्या संस्थापिका आहेत. धर्मजीवनातील त्यांचे नाव मदर मेरी सेंट इग्नेशियस असे होते. पुणे, मुंबई, दिल्ली, आग्रा, शिमला आणि मसुरी येथील 'कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी' या शाळा याच धर्मसंघाच्या भगिनींनी सुरू केल्या. थेवने स्वतः कधीही भारतात आल्या नाहीत. त्यांच्या निधनानंतर पाच वर्षांनी संघाच्या भगिनी आग्र्याला पोहोचल्या.

बालपण

क्लोदीन यांचा जन्म ल्यों येथील एका रेशीम व्यापाऱ्याच्या घरी झाला. वडिलांचे नाव फिलिबेर थेवने आणि आईचे नाव मारी-आंत्वानेत गुयो. सात भावंडांत त्या दुसऱ्या होत्या. घरात त्यांना 'ग्लादी' या लाडक्या नावाने हाक मारीत. नऊ वर्षांच्या असताना त्यांना शिक्षणासाठी शहरातील सेंट पिएर या मठात ठेवण्यात आले. त्या काळी फ्रान्समध्ये मुलींचे शिक्षण मुख्यतः अशा मठांमधून होत असे आणि ते प्रामुख्याने सुस्थितीतील कुटुंबांच्या आवाक्यात होते. १७८९ मध्ये फ्रेंच राज्यक्रांती सुरू झाली. पुढील काही वर्षांत मठ बंद झाले आणि शिक्षणाची ही व्यवस्थाही कोलमडली.

राज्यक्रांती आणि भावांचा मृत्यू

१७९३ मध्ये ल्यों शहराने पॅरिसमधील क्रांतिकारी शासनाविरुद्ध बंड केले. शासनाच्या सैन्याने शहराला वेढा घातला आणि ऑक्टोबरमध्ये शहर पडले. क्लोदीन यांचे भाऊ लुई व फ्रान्स्वा हे शहराच्या बाजूने लढले होते. वेढा उठल्यावर दोघांना अटक होऊन देहदंडाची शिक्षा झाली. ५ जानेवारी १७९४ रोजी त्यांना इतर कैद्यांबरोबर ठार मारण्यात आले. वधस्थळाकडे नेल्या जाणाऱ्या कैद्यांच्या रांगेबरोबर क्लोदीन चालत गेल्या. आपल्या मारेकऱ्यांना आपण क्षमा केली आहे, बहिणीनेही तसेच करावे, अशी विनंती भावांनी अखेरच्या क्षणी केल्याची नोंद चरित्रकारांनी केली आहे. या आघातानंतर क्लोदीन यांच्या मानेला कंप सुटला आणि तो आयुष्यभर टिकला. त्या वेळी त्यांचे वय एकोणीस वर्षांचे होते.

पुढील सुमारे दोन दशके त्या आईवडिलांच्या घरीच राहिल्या. क्रांती व युद्धांमुळे शहरात अनाथ आणि निराधार मुलांची संख्या वाढली होती. रेशीम उद्योगातील मजूर कुटुंबांची स्थितीही बिकट होती. क्लोदीन गरीब वस्त्यांत जाऊन मदतकार्य करू लागल्या. सूडाच्या वातावरणात वाढलेल्या पिढीला आधार आणि संस्कार देणे हे भावांच्या शेवटच्या इच्छेचे पालन आहे, अशी त्यांची धारणा होती.

संघाची स्थापना

१८१५ मध्ये आंद्रे क्वांद्र या तरुण धर्मगुरूंना सेंट निझिये चर्चच्या दाराशी थंडीने कुडकुडणाऱ्या दोन बेवारस मुली आढळल्या. त्यांनी या मुलींना क्लोदीन यांच्याकडे सोपवले. ३१ जुलै १८१६ रोजी काही तरुणींचे एक सेवामंडळ स्थापन झाले आणि क्लोदीन त्याच्या अध्यक्षा झाल्या. दोन वर्षांनी या मंडळाचे रूपांतर एकत्र राहणाऱ्या समूहात करण्याचे ठरले. ऑक्टोबर १८१८ मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, विधवा आईचा विरोध असतानाही त्यांनी घर सोडले. विणकरांची वस्ती असलेल्या क्रुआ-रूस टेकडीवरील एका घरात त्या राहू लागल्या. आरंभी तेथे एक विणकर स्त्री, एक अनाथ मुलगी आणि एक माग एवढेच होते. पहिल्या रात्री हे धाडस आपल्याला झेपणार नाही असे वाटून त्या अस्वस्थ झाल्या होत्या.

१८२० मध्ये संस्था फूर्व्हियेर टेकडीवर हलवण्यात आली. २५ फेब्रुवारी १८२३ रोजी मोनिस्त्रोल येथे क्लोदीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी धर्मव्रते घेतली. क्वांद्र यांचे १८२६ मध्ये निधन झाले आणि संस्थेचा मोठा आधार गेला. संघ दुसऱ्या एका धर्मसंघात विलीन करावा असाही प्रस्ताव पुढे आला. क्लोदीन यांनी त्याला नकार दिला.

शैक्षणिक कार्य

फूर्व्हियेर येथे दोन स्वतंत्र विभाग होते. पहिल्या विभागात गरीब व अनाथ मुली राहत. त्यांना धर्मशिक्षण, वाचन, लेखन, हिशेब, शिवण व घरकाम यांबरोबरच रेशीम विणकाम शिकवले जाई. संस्थेबाहेर पडल्यावर मुलीला स्वतःच्या श्रमावर प्रतिष्ठेने जगता यावे, हा यामागील हेतू होता. दुसरा विभाग सुस्थितीतील कुटुंबांच्या मुलींसाठी निवासी शाळेचा होता. तत्कालीन समाजातील वर्गभेद या रचनेत जसाच्या तसा उतरला होता. मात्र सर्वांत निराधार मुलींना अग्रक्रम द्यावा आणि शिक्षिकांनी मुलींशी आईप्रमाणे वागावे, यावर क्लोदीन यांचा भर होता.

१८३१ व १८३४ मध्ये ल्योंमधील विणकरांनी उठाव केले. अशा अस्थिर काळातही संस्थेचे काम चालू राहिले. आयुष्याच्या अखेरीस संघाची नियमावली पूर्ण करण्याचे काम क्लोदीन यांनी हाती घेतले होते. ३ फेब्रुवारी १८३७ रोजी फूर्व्हियेर येथे त्यांचे निधन झाले. संघाला रोमची मान्यता त्यानंतर दहा वर्षांनी, १८४७ मध्ये मिळाली.

भारतातील विस्तार

आग्रा येथील कपुचिन बिशप बोर्गी यांच्या निमंत्रणावरून १८४२ मध्ये संघाच्या भगिनी भारतात आल्या. फ्रान्सबाहेरील हे संघाचे पहिले कार्य होते. त्याच वर्षी आग्रा येथे सुरू झालेली सेंट पॅट्रिक्स ही उत्तर भारतातील सर्वांत जुन्या कॉन्व्हेंट शाळांपैकी एक आहे. त्यानंतर मसुरी (१८४५), पुणे (१८६०), शिमला (१८६४) आणि दिल्ली (१९१९) येथे शाळा निघाल्या. मुंबईत भायखळा व फोर्ट भागांत संघाच्या शाळा आहेत. दिल्ली विद्यापीठाशी संलग्न जीझस अँड मेरी कॉलेजची स्थापना १९६८ मध्ये झाली.

पुण्यातील शाळा लष्कर भागात सुरू झाली. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये भिडेवाड्यात काढलेल्या मुलींच्या शाळेनंतर बारा वर्षांनी ती निघाली. मात्र दोन्ही शाळांचा समाज वेगळा होता. फुले यांच्या शाळेत शहरातील मुली मराठीतून शिकत, तर लष्करी छावण्या आणि थंड हवेच्या ठिकाणांच्या कॉन्व्हेंट शाळांत इंग्रजी माध्यम होते आणि आरंभी युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलींचे प्रमाण अधिक होते. कालांतराने सर्व धर्मांच्या भारतीय मुली तेथे शिकू लागल्या.

'कॉन्व्हेंट' या शब्दाचा मूळ अर्थ धर्मभगिनींचा मठ असा आहे. महाराष्ट्राच्या अनेक भागांत आज कोणत्याही खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेला, तिचा धर्मभगिनींशी संबंध नसला तरी, कॉन्व्हेंट म्हटले जाते. या शब्दाला चिकटलेली सुस्थितीची छटा आणि एक माग व एक अनाथ मुलगी यांच्यासह झालेला क्लोदीन यांच्या कार्याचा आरंभ यांत मोठे अंतर आहे.

सन्मान

पोप जॉन पॉल दुसरे यांनी ४ ऑक्टोबर १९८१ रोजी क्लोदीन थेवने यांना धन्यवादित आणि २१ मार्च १९९३ रोजी संत घोषित केले. ३ फेब्रुवारी हा त्यांचा स्मृतिदिन म्हणून पाळला जातो.