स्पष्टीकरण : स्कॅनरची खरखर बंद करणारा ‘स्क्वेल्च’ नेमका काय? आणि या खरखरीपायी आयुष्य वेचणारे एडविन आर्मस्ट्राँग कोण होते?

समृद्धी महामार्गावर शेलूबाजारच्या इंटरचेंजजवळ पोलिसांची गस्ती गाडी उभी असेल, तर तिच्यातला वायरलेस संच बहुतेक वेळ गप्प असतो. कुणी बोलले की लगेच आवाज येतो. बोलणे संपताना बारीकसा ‘खस्स’ होतो आणि पुन्हा शांतता पसरते. ही शांतता आपोआप येत नाही. संचातला स्क्वेल्च नावाचा एक छोटा सर्किट ती राखत असतो. तो नीट लावलेला नसेल तर एकतर कान किटवणारी खरखर सुरू राहते, नाहीतर समोरचा बोलत असूनही काहीच ऐकू येत नाही. रेडिओ स्कॅनर वापरणाऱ्यांची सर्वात जुनी तक्रार हीच आहे.

या तक्रारीचे मूळ शोधत गेले की अमेरिकेतल्या एका अभियंत्याच्या आयुष्यापाशी पोहोचता येते. त्यांचे नाव एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग. आज आपण ऐकतो ते एफएम त्यांनीच उभे केले. स्कॅनरच्या आतली मूळ रचनाही त्यांच्याच कामावर उभी आहे.

आर्मस्ट्राँग कोण होते?

त्यांचा जन्म 18 डिसेंबर 1890 रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. लहानपणी एका आजाराने त्यांना बराच काळ घरात राहावे लागले. त्या आजारामुळे चेहऱ्याला आणि खांद्याला बसणारा झटका आयुष्यभर राहिला. याच काळात त्यांना वायरलेसचे वेड लागले. योंकर्स येथील घराच्या आवारात त्यांनी तरुणपणीच उंच मनोरा स्वतः उभारला आणि दूरवरचे क्षीण संदेश पकडण्याचा नाद सुरू झाला. उंचावर चढण्याची त्यांना कधीच भीती वाटली नाही.

कोलंबिया विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकत असताना, 1912 मध्ये, त्यांना पहिला मोठा शोध लागला. व्हॉल्व्हमधून बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग पुन्हा आत सोडला, तर तोच सिग्नल कितीतरी पटींनी मोठा होतो, हे त्यांनी दाखवले. लग्नमंडपात माइक स्पीकरसमोर आला की कर्कश शिट्टी वाजते, त्यामागे हेच तत्त्व आहे. आर्मस्ट्राँग यांनी ही शिट्टी सुरू होण्याच्या अलीकडे थांबून तिचा उपयोग करून घेतला. 1914 मध्ये पेटंट मिळाले. पण ट्रायोड व्हॉल्व्हचे जनक ली डी फॉरेस्ट यांनी या शोधावर हक्क सांगितला. खटला वर्षानुवर्षे चालला आणि 1934 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डी फॉरेस्ट यांच्या बाजूने निकाल दिला. अभियंत्यांच्या संस्थेने याच शोधासाठी दिलेले पदक आर्मस्ट्राँग परत करायला गेले. संस्थेने ते घेतले नाही, उलट त्यांचा सन्मान पुन्हा जाहीर केला.

स्कॅनरचा पाया पॅरिसमध्ये कसा पडला?

पहिल्या महायुद्धात आर्मस्ट्राँग अमेरिकी सैन्याच्या सिग्नल विभागात अधिकारी म्हणून फ्रान्समध्ये होते. उच्च फ्रिक्वेन्सीचे कमकुवत संदेश त्या काळच्या व्हॉल्व्हना नीट वाढवता येत नसत. त्यावर त्यांनी 1918 मध्ये उपाय काढला. येणारी कोणतीही फ्रिक्वेन्सी संचातच तयार केलेल्या दुसऱ्या फ्रिक्वेन्सीत मिसळायची, त्यातून एक ठरावीक मधली फ्रिक्वेन्सी मिळवायची आणि सगळी वाढ व गाळणी तिथेच करायची. या रचनेला सुपरहेटरोडाइन म्हणतात. फ्रान्सच्या ल्युसिएँ लेव्ही यांनीही या कल्पनेवर दावा केला होता, पण व्यवहारात ती उभी करण्याचे श्रेय प्रामुख्याने आर्मस्ट्राँग यांना दिले जाते.

स्कॅनर एका सेकंदात अनेक चॅनेल तपासतो तो याच रचनेमुळे. चॅनेल बदलताना फक्त संचातली फ्रिक्वेन्सी बदलते, पुढची गाळणी तीच राहते.

पुढचा एक शोध आरसीए या कंपनीने विकत घेतला आणि आर्मस्ट्राँग तिचे मोठे भागधारक झाले. कंपनीतले वजनदार अधिकारी डेव्हिड सार्नॉफ त्यांचे मित्र. सार्नॉफ यांच्या सचिव मॅरियन मॅकइनिस यांच्याशी आर्मस्ट्राँग यांनी 1923 मध्ये लग्न केले. लग्नाची भेट म्हणून त्यांनी पत्नीला हातात धरून नेता येईल असा रेडिओ बनवून दिला.

खरखर का येत होती?

तेव्हाचे सगळे प्रसारण एएम पद्धतीचे होते. यात आवाजानुसार लहरीची उंची कमी-जास्त होते. वीज चमकली, मोटार सुरू झाली की त्याचा धक्काही लहरीच्या उंचीवरच बसतो. मृगाच्या सरी येताना विजांचा कडकडाट सुरू झाला की नागपूर आकाशवाणीच्या 585 किलोहर्ट्झवर कडकड ऐकू येते, ती यामुळेच. आवाज आणि बिघाड दोन्ही उंचीतच मिसळलेले असल्याने ते वेगळे करणे अवघड जाते.

आर्मस्ट्राँग यांनी उंचीचा नादच सोडला. लहरीची उंची स्थिर ठेवायची आणि आवाजानुसार तिची फ्रिक्वेन्सी हलवायची, हे एफएम. ही कल्पना नवी नव्हती. 1922 मध्ये जॉन कार्सन यांनी गणित मांडून एफएममुळे जागा वाचत नाही, असे दाखवले होते, आणि बहुतेकांनी ती बाजूला ठेवली. सगळे चॅनेल अरुंद करण्यामागे लागले होते. आर्मस्ट्राँग यांनी उलट केले. त्यांनी फ्रिक्वेन्सी मुद्दाम जास्त हलवली आणि चॅनेल रुंद केला. खरखर कमालीची घटली. 26 डिसेंबर 1933 रोजी त्यांना याची पेटंटे मिळाली.

शोध यशस्वी झाला, मग अडले कुठे?

1934 मध्ये न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवरून चाचण्या सुरू झाल्या. लांबच्या घरात ठेवलेल्या संचावर स्वच्छ आवाज आला. पण सार्नॉफ यांना एएमची खरखर काढणारे एखादे छोटे उपकरण हवे होते, आणि आर्मस्ट्राँग यांनी अख्खी नवी व्यवस्था समोर ठेवली. तिच्यासाठी ट्रान्समीटर नवे लागणार होते आणि घरोघरचे रेडिओही. कंपनीचा कल टेलिव्हिजनकडे होता. 1935 मध्ये त्यांना एम्पायर स्टेटवरून यंत्रे हलवायला सांगण्यात आले.

नोव्हेंबर 1935 मध्ये त्यांनी अभियंत्यांसमोर जाहीर प्रात्यक्षिक केले. मग न्यू जर्सीतील अल्पाइन येथे स्वतःच्या पैशांनी मनोरा आणि केंद्र उभारले. तो मनोरा आजही उभा आहे. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कच्या काही टीव्ही वाहिन्यांनी तिथूनच तात्पुरते प्रक्षेपण केले.

1941 पासून अमेरिकेत 42 ते 50 मेगाहर्ट्झवर एफएम प्रसारण रीतसर सुरू झाले. 1945 मध्ये सरकारी आयोगाने एफएमला 88 मेगाहर्ट्झच्या वर हलवले. लोकांनी विकत घेतलेले लाखो संच एका निर्णयाने निरुपयोगी झाले.

वॉकीटॉकीत स्क्वेल्च का लागला?

दुसऱ्या महायुद्धात आर्मस्ट्राँग यांनी आपली एफएम पेटंटे अमेरिकी सैन्याला मोबदला न घेता वापरू दिली. मोटोरोलाचा पाठीवर घ्यायचा एससीआर-300 हा एफएम संच याच काळात रणांगणावर गेला. त्यावर स्क्वेल्चचे नियंत्रण होते.

एफएमला त्याची गरज जास्त असते. सिग्नल असताना एफएम शांत असते, पण सिग्नल गेला की संच स्वतःच्याच सर्किटमधला गोंगाट पूर्ण ताकदीने वाढवून ऐकवतो. स्क्वेल्च मानवी आवाजाच्या वरच्या पट्ट्यातला हा गोंगाट मोजतो. गोंगाट जास्त असेल तर स्पीकर बंद ठेवतो. सिग्नल आला की गोंगाट दबतो आणि स्पीकर सुरू होतो. बोलणे संपताना येणारा तो ‘खस्स’ म्हणजे दार लागायला लागलेला क्षणभराचा वेळ.

म्हणजे स्क्वेल्च खरखर काढत नाही, फक्त झाकतो. खरखर घटवण्याचे काम चांगल्या सिग्नलचेच असते. आर्मस्ट्राँग आयुष्यभर हेच सांगत राहिले.

शेवट कसा झाला?

जुलै 1948 मध्ये त्यांनी आरसीएवर पेटंटभंगाचा दावा लावला. जबाब, उलटतपासणी, तारखा यांतच वर्षे गेली. 1950 मध्ये मूळ पेटंटांची मुदत संपली. पैसा संपत आला, तब्येत ढासळली, संसारातही ताण आला. 31 जानेवारी 1954 च्या रात्री त्यांनी आयुष्य संपवले. वय 63 होते.

मॅरियन यांनी लढाई सोडली नाही. आरसीएने त्याच वर्षाच्या अखेरीस सुमारे साडेदहा लाख डॉलरवर तडजोड केली. इतर कंपन्यांविरुद्धचे दावेही त्यांनी एकेक करून जिंकले. शेवटचा, मोटोरोलाविरुद्धचा दावा 1967 मध्ये संपला. भारतात एफएम प्रसारण त्यानंतर दहा वर्षांनी, 1977 मध्ये मद्रासहून सुरू झाले.

आज स्कॅनरचा आवाज बिघडला तर काय पाहावे?

सतत खरखर : आधी स्क्वेल्च पूर्ण उघडावा. खरखर ऐकू येईल. मग नॉब हळूहळू फिरवून खरखर जिथे थांबते तिथे, फार तर केसभर पुढे थांबावे. याहून जास्त घट्ट केले तर लांबचे बोलणे गळते.

स्कॅन एकाच चॅनेलवर अडकणे : स्क्वेल्च सैल आहे, किंवा जवळच काहीतरी गोंगाट करते आहे. मोबाइलचा चार्जर, एलईडी बल्ब, इन्व्हर्टर एकेक करून बंद करून पाहावेत.

बोलणे तुटक येणे : सिग्नल काठावर आहे. इथे स्क्वेल्चशी झटापट करण्यापेक्षा अँटेना उंच करणे, केबल आणि कनेक्टर तपासणे जास्त उपयोगी ठरते.

टॉवरजवळ गेल्यावर ऐकू न येणे : जोरदार सिग्नलने संच दबतो. अशा वेळी अॅटेन्युएटर सुरू करावा.

सिग्नलच्या कांड्या पूर्ण, पण आवाज नाही : बहुधा टोनचा प्रश्न असतो. अनेक संच 67 ते 254 हर्ट्झमधला ठरावीक सूक्ष्म टोन मिळाल्याशिवाय दार उघडत नाहीत. चुकीचा टोन भरला असेल तर स्कॅनर गप्प राहतो.

डिजिटल संचात वेगळे काय?

पी-25, डीएमआर यांसारख्या पद्धतींत आवाजाचे आकडे होतात. पी-25 च्या पहिल्या टप्प्यात आवाजाला सेकंदाला फक्त 4,400 बिट मिळतात, आणि चुका दुरुस्त करायला आणखी 2,800. त्यामुळे कमकुवत सिग्नलवरही काही काळ आवाज स्वच्छ राहतो. मग चुका दुरुस्तीच्या पलीकडे गेल्या की आवाज यंत्रमानवासारखा, गुरगुरल्यासारखा होतो आणि एकदम तुटतो. एएमसारखी हळूहळू वाढणारी खरखर इथे पूर्वसूचना देत नाही.

इथे टोनच्या जागी कलर कोड किंवा नेटवर्क अॅक्सेस कोड असतो. तो चुकला तर संच सिग्नल दाखवतो, पण बोलत नाही. स्क्वेल्च फार घट्ट असेल तर डिजिटल माहितीची सुरुवात कापली जाते, म्हणून डिजिटल चॅनेलवर तो सैल ठेवावा. एकाच फ्रिक्वेन्सीवर अनेक टॉवर एकदम प्रक्षेपण करत असतील तर त्यांचे सिग्नल थोडे मागे-पुढे पोहोचतात आणि बिट एकमेकांत मिसळतात. तिथे संचाची जागा बदलणे किंवा एकाच दिशेला रोखलेली अँटेना लावणे हा उपाय. संभाषण सांकेतिक केलेले असेल, तर मात्र कोणतेच बटण कामाला येत नाही.

ऐकायला परवानगी आहे का?

पोलिसांचे किंवा इतर यंत्रणांचे वायरलेस बोलणे परवानगीशिवाय ऐकणे भारतात कायद्याला धरून नाही, संच बाळगण्याचेही नियम आहेत. ज्यांना हा नाद रीतसर करायचा आहे, त्यांच्यासाठी हॅम रेडिओची परीक्षा आणि परवाना हा मार्ग खुला आहे. 144 ते 146 मेगाहर्ट्झच्या हॅम पट्ट्यात स्क्वेल्च उघडला की हीच खरखर ऐकू येते, आणि कुणी बोलू लागले की ती लगेच दबते.