अळीच्या पानाचा माग काढणारी चित्रकर्ती

फुलपाखरांसाठी म्हणून अंगणात झेंडू, एक्झोरा लावणाऱ्यांचा एक अनुभव ठरलेला असतो. फुलपाखरे येतात, मध पितात आणि निघून जातात. मादी अंडी घालते ती अळीला ज्याचा पाला चालतो त्याच झाडावर. कुणाला लिंबू किंवा कढीपत्ता लागतो, कुणाला रस्त्याकडेची रुई. झाड आणि अळी यांचे हे नाते साडेतीनशे वर्षांपूर्वी चित्रांतून मांडले ते मारिया सिबिला मेरियन हिने.

मारियाचा जन्म २ एप्रिल १६४७ रोजी जर्मनीतील फ्रँकफर्ट येथे झाला. वडील नामवंत खोदचित्रकार. पण ती तीन वर्षांची असतानाच ते निवर्तले. सावत्र वडील याकोब मारेल हे फुलांचे चित्रकार. त्यांच्याकडे ती रंगकाम शिकली. तेराव्या वर्षी तिने रेशमाचे किडे पाळले आणि तिला कायमचा छंद जडला. अळ्या-किडे चिखलातून, कुजक्या पदार्थांतून आपोआप उपजतात, अशी समजूत तेव्हा सर्वत्र होती. ही मुलगी मात्र रानातून अळ्या आणून, रोज ताजा पाला घालून, कोषातून काय बाहेर येते याची नोंद ठेवीत असे. योग्य पाला न मिळाल्यास अळी उपाशी मरते, हे अशा संगोपनातच कळते.

विवाहानंतर, दोन मुलींचा सांभाळ करीत तिने १६७९ मध्ये अळ्यांवरील पहिला ग्रंथ काढला. दुसरा भाग १६८३ मध्ये आला. दोन्हींत पन्नास-पन्नास चित्रे होती. किड्यांचे रूपांतर इतरांनीही पाहिले होते. मारियाचे वेगळेपण असे की, अंडी, अळी, कोष आणि फुलपाखरू तिने एकाच पानावर, त्यांच्या खाद्य वनस्पतीसह रेखाटले.

पुढे पतीला सोडून ती मुलींसह नेदरलँड्समधील एका कडक धार्मिक पंथात राहिली आणि १६९१ मध्ये ॲमस्टरडॅमला आली. तेथील श्रीमंतांच्या संग्रहात सुरिनामची सुंदर फुलपाखरे होती. पण टाचणीला टोचलेली. ती कोणत्या झाडावर वाढली, हे कुणालाच ठाऊक नव्हते. १६९९ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, आपली २५५ चित्रे विकून मारिया धाकटी मुलगी डोरोथिया हिच्यासह सुरिनामला निघाली.

या डच वसाहतीतील मळेवाल्यांना उसाखेरीज कशातच रस नव्हता. मारियाला रानाची वाट दाखविली ती मूळ रहिवाशांनी आणि गुलामांनी. आपल्याकडे शंखासुर म्हणून ओळखले जाणारे झुडूप तिने तेथे रंगविले. आपली मुले गुलामीत जन्मू नयेत म्हणून गुलाम स्त्रिया या झाडाच्या बियांनी गर्भ पाडतात, हे तिला त्या स्त्रियांनीच सांगितले, आणि तिने ते चित्रासोबत छापले. एका कीटकग्रंथात इतके कटू सत्य नोंदविण्याचे धैर्य त्या काळी विरळाच म्हणावे लागेल.

आजाराने तिला १७०१ मध्ये परतावे लागले. १७०५ मध्ये साठ चित्रांचा सुरिनाम ग्रंथ स्वखर्चाने प्रसिद्ध झाला. लिनियसनेही त्याचा आधार घेतला. त्यात चुका आहेत. काही अळ्या आणि फुलपाखरांच्या जोड्या जुळत नाहीत, हे टीकाकारांनी दाखवून दिले. पक्षी खाणाऱ्या कोळ्याचे चित्र तर थट्टेचा विषय झाले होते. १८६३ मध्ये हेन्री बेट्स या निसर्गशास्त्रज्ञाच्या ॲमेझॉनवरील ग्रंथाने मात्र तिला दुजोरा दिला.

१७१५ मध्ये मारियाला पक्षाघाताचा झटका आला. १३ जानेवारी १७१७ रोजी ॲमस्टरडॅम येथे तिचे निधन झाले. त्याच सुमारास रशियाचा झार पीटर याच्यासाठी तिची चित्रे विकत घेण्यात आली. अळ्यांच्या ग्रंथाचा राहिलेला तिसरा भाग डोरोथियाने त्याच वर्षी प्रसिद्ध केला.